सागाच्या रंगाच्या खिडक्या

॥ श्री ॥

नाशिक रोड,
१२ सप्टेंबर २००६

चि. ललित यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेलं खिडक्यांचं पुस्तक आणि दोन नमुने पोचले. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन मधल्या खोलीत, आईच्या खाटेच्या उशाशी आहे. एरवी तिला हाक ऐकू जात नाही, पण खिडकी हा शब्द नुसता ओठावर आला की ती मान वळवते. म्हणून हे पत्र. ऑफिसात दिवसभर कागद वाचतोस, त्यात हा एक घरचा.

नमुने मात्र फसवे आहेत हो! एक सागाच्या रंगाचा, एक अक्रोडाच्या. रेषा काय, गाठी काय, सगळं छापलेलं. टिचकी मारली की मग कळतं की आत पोकळ प्लास्टिक आहे. आईच्या हातात दिले तर तिने आधी वास घेतला, मग चक्क जीभ लावून बघितली, आणि म्हणाली की हे लाकूड नाय, हा लाकडाचा फोटू हाय. तेवढं बोलून तिने ते खाटेखाली सरकवले. आता मागितले तरी देत नाही.

खिडक्या बदलायला हव्यात हे मलाही पटतं. बाबांनी घर बांधलं तेव्हा प्रेसच्या पगारात सगळीकडे साग परवडला नाही, बाकीच्या खिडक्यांना जंगली लाकूड घातलं. त्याला आता वाळवीने पोखरून काढलंय. पुढच्या खोलीच्या चौकटीत माझं बोट आत जातं. स्वयंपाकघरातली झडप परवा उघडायला गेले तर बिजागरीसकट हातात आली. फक्त मधल्या खोलीची खिडकी सागाची आणि ठणठणीत आहे. पण ती बसवतानाच काहीतरी चुकलं असावं. एका बाजूची चौकट दुसऱ्यापेक्षा जाड आहे, त्यामुळे झडप कधीच पुरती लागत नाही. बाबांनी तिला सुताराचा रंधा कधी लावू दिला नाही हे तुला आठवत असेल.

आणि आई नेमकी तीच खिडकी बदलू देत नाही. लग्न होऊन आली तेव्हाच छायाने विचारलं होतं की का, तेव्हा मी विषय टाळला. तुलाही हे तुकड्यातुकड्यांनीच माहीत आहे, तर एकदा नीट लिहिते, तिलाही वाचायला दे. तुझ्या जन्माआधी आपला थोरला भाऊ लहानू पुरात गेला. अकरावीत होता. मी तेव्हा पाच वर्षांची, मला तो आठवतो तो एवढाच की उंच होता आणि मला खांद्यावर बसवून नदीवर न्यायचा. त्याचा देह मिळाला नाही. मग बाबांनी आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या नावाचा सागाचा खांब कोरून घेतला, वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस, आणि गावाबाहेर नदीकाठी बाकीच्या खांबांशेजारी उभा केला. ज्याचा खांब उभा, त्याला टेकायला जागा. पाच-सहा वर्षांनी, या घराचं काम चालू असताना, बाबा गावाहून आले ते सांगत आले की खांबही पुरात गेला. आई म्हणते नदीने माझा लेक दोनदा नेला. तेव्हापासून त्याला जागा नाही, आणि म्हणून तो दिवे लावायच्या वेळेला आपल्या मधल्या खिडकीशी येऊन टकटक करतो, असं तिचं म्हणणं.

हसू नकोस. टकटक होते, मी ऐकली आहे. आई आतून ओ देते आणि फळीवर चतकोर भाकरी ठेवते. सकाळी भाकरी नसते. मी आपली मांजराचं नाव घेते. गेल्या सोमवारी मात्र मी मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहिले. वारा नव्हता, तुळशीचं पान हलत नव्हतं. खिडकीशी कुणी नव्हतं आणि आवाज झाला. मी विज्ञान शिकवते रे, मला भीती वाटली हे कुणाला सांगायचं?

कोणता रंग घ्यायचा ते कळव. मुलांना गोड पापा. तुझ्यावर माया आहे ती लिहून वाढत नाही, तरी लिहिते.

तुझी
आशाताई


पुणे,
२५ सप्टेंबर २००६

ती. स्व. ताईस,
ललितचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. छायाने दोनदा वाचलं आणि आता ती संध्याकाळी आमच्या गॅलरीचं दारही लावून घेते, ही तुझी कृपा. नमुना चाटून पारखायची पद्धत मी त्या खिडक्यावाल्यांना कळवणार आहे, पुस्तकात छापतील.

सागाचा रंग घे. अक्रोडाचा घरात अंधार करील. या खिडक्यांना वाळवी लागत नाही, पावसाने फुगत नाहीत, रंग द्यावा लागत नाही, आणि झडप अशी घट्ट बसते की रस्त्यावरच्या रिक्षाही ऐकू येत नाहीत. टकटकीचं म्हणशील तर आपलं घर रुळांपासून किती लांब आहे? मालगाडी गेली की ढिली झडप हलणारच. विज्ञानाच्या बाईंना हे मी सांगायचं म्हणजे कमालच झाली.

तेव्हा मधली खिडकीही बदलायची, आणि शक्य तर तीच आधी. ताई, खरं सांगतो, मला त्या खिडकीचा राग आहे. मी दहावीचा निकाल घेऊन आलो, तर आईने पहिला पेढा त्या फळीवर ठेवला आणि दुसरा माझ्या हातात दिला. ती माझ्याशी बोलायची तेव्हाही तिचे डोळे माझ्या खांद्यावरून तिकडे जायचे. ज्याला मी कधी बघितलं नाही त्याच्या मागे मी आयुष्यभर दुसरा उभा आहे. आता मला दोन मुलं आहेत, तरी हे मनातून जात नाही. आईचा त्रास संपावा असं मला वाटतं, आणि माझाही.

माणूस मी इथूनच ठरवतो, तो नाशिक रोडला येऊन मापं घेईल. आईला गोड बोलून राजी कर, ते काम मला कधी जमलं नाही.

राग नसावा, लोभ तर हक्काचाच आहे.

तुझा
ललित


नाशिक रोड,
१४ नोव्हेंबर २००६

चि. ललित यास,
अनेक आशीर्वाद. दिवाळीचा फराळ पोचला. छायाच्या चकल्या छान, तुझं कौतुक करायचं कारण दिसत नाही.

मधली सोडून बाकी सगळ्या खिडक्या बसल्या. दिसतात सुरेख. शेजारच्या वत्सलाबाई हात लावून बघून गेल्या आणि एवढा साग कुठून मिळाला म्हणून विचारत होत्या, मी चहा टाकला. काढलेल्या जुन्या चौकटी अंगणात ठेवल्या तर त्यांचा नुसता भुगा झाला.

पण घर फार गप्प झालंय. रिक्षा नाही, कुत्री नाहीत, गाडीची शिट्टी नाही. तू मालगाडीचं म्हणाला होतास ना? आता गाडी गेलेली कळत नाही, आणि टकटक पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येते. काल मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. आवाज झाला, आणि माझ्याच तोंडून आले रे असं उत्तर निघून गेलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मला रडू आलं. इतकी वर्षं ती एकटीच ओ देत होती.

मग मी तिच्याजवळ बसून विचारलं की या खिडकीचं एवढं काय धरून बसलीस. ती म्हणाली की दुसऱ्या खिडक्यांपाशी तो येत नाय, याच एका ठिकाणी येतो, ही काढली तं तो कुठं जाईल, त्याला ना गावात जागा ना इठं. मेल्यावर त्याचा बाप त्याला भेटला का नाही तेही तिला कळत नाही म्हणाली. हे सांगताना ती रडत नव्हती, तांदूळ निवडत होती.

ललित, तिला मी राजी केलं नाही. तीच परवा आपणहून म्हणाली की काढा. कारण विचारलं तर म्हणाली की ती आता किती दिवसांची, तिच्या मागे त्याला भाकर कोण ठेवील, त्यापरीस त्याने आताच कायतरी मार्ग बघावा. मला वाटलं होतं तिने होकार दिला की मला सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. माणसं दोन डिसेंबरला यायची आहेत. त्या दिवशी तू असायला हवास.

जपून राहा. आठवण काढत जा, उचकी लागते मला.

तुझी
आशाताई


नाशिक रोड,
३ डिसेंबर २००६

चि. ललित यास,
आशीर्वाद.

काल फोनवर तुला नुसतं ये ये म्हणाले आणि ठेवून दिला, त्याबद्दल माफ कर. आई समोर होती. आता ती झोपली आहे, नीट लिहिते.

दोघं जण पहारी घेऊन आले. झडपा निघाल्या, गज निघाले, एका बाजूची चौकट निघाली. जाड बाजूची निघेना. ती खाली जोत्यापर्यंत आणि वर पार तुळईपर्यंत भिंतीत गेलेली होती. माणूस म्हणाला की बाई, ही चौकट नाही, हा अख्खा खांब आहे, याला खिडकीपुरता उघडा ठेवून बाकी चुन्यात लिंपलाय. शेवटी भिंत फोडून तो त्यांनी आडवा केला. भिंतीकडची बाजू वर आली.

वर सूर्य आणि चंद्र. खाली घोडा, घोड्यावर माणूस. खाचांत चुना भरला होता आणि चुन्याखाली जुना शेंदूर.

आई खाटेवरून उतरली. भिंत धरत आली, खाली बसली, आणि पदराने चुना पुसायला लागली. पुसला जाईना तिथे थुंकी लावून पुसला. मी थांबवलं नाही. घोड्यावरच्या माणसाच्या हाताशी आली तेव्हा थांबली. सगळ्या खांबांवर त्या हातात तलवार असते. याच्या हातात पुस्तक होतं. ते बाबांनी सांगून करवून घेतलं होतं, कारण आपल्या घरात अकरावीपर्यंत पोचलेला तो पहिला. आईने त्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि म्हणाली की हा लहानूच. कामाच्या माणसांनी टोप्या काढल्या.

तो पुरात गेलाच नव्हता रे, म्हणजे खांब. तो इथे होता, या घरात, भिंतीकडे तोंड करून.

आपल्यात मेलेल्या माणसाचा खांब राहत्या घरात आणत नाहीत. आणला तर त्याला ना आत येता येत ना पुढे जाता येत, असं जुनी माणसं सांगतात. मी हे आजवर गोष्ट म्हणून ऐकलं होतं. आता काय म्हणू ते मला माहीत नाही.

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, तिला राग आला. असा राग मी तिचा कधी बघितला नाही. बाबांची खाट कायम त्याच खिडकीखाली होती ना? ती म्हणाली की मी रोज दिवे लावताना रडायची, माझं लेकरू उघड्यावर पावसात हाय म्हणून रडायची, आन् हा माणूस त्याच्या पाठीला पाठ लावून निजायचा, ऐकायचा, आन् एक शब्द बोलला नाय. काल संध्याकाळी तिने बाबांच्या फोटोला दिवा लावला नाही. मी लावायला गेले तर हात धरला.

खांब मी सतरंजीवर ठेवलाय. भोकाला पोत्याचं कापड बांधलंय. थंडी आत येते आहे. लवकर ये.

आशाताई


पुणे,
१९ डिसेंबर २००६

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

येऊन गेलो तरी लिहितो, कारण आईसमोर बोलता आलं नाही. ती खांबापाशी बसली होती आणि मला म्हणाली की बस, हा तुझा भाऊ. मी बसलो. ज्याच्यावर इतकी वर्षं रागावलो तो माझ्यापेक्षा निम्म्या वयाचा पोरगा निघाला, हातात पुस्तक घेतलेला. मला काय वाटलं ते लिहायला गेलो तर चार कागद फाडून झाले.

परतीच्या गाडीत मला एकसारखे बाबा आठवत होते. दर दिवाळीला ते घरातल्या सगळ्या खिडक्या सोडून त्या एकाच चौकटीला तेल चोळायचे. मी विचारलं तर म्हणायचे साग तेल पितो. सर्वपित्रीला पान वाढून त्याच फळीवर ठेवायचे आणि कावळ्यासाठी ठेवलं म्हणायचे. मी समोर उभा राहून हे बघितलंय आणि मला काही कळलं नाही. एवढं मनात ठेवून माणूस जेवला कसा, हसला कसा, प्रेसमध्ये पाळीला गेला कसा?

खांब गावी नेऊन उभा करू. मी टेम्पो ठरवतो. आणखी एक मनात आलं. बाबा गेले तेव्हा आपण शहराच्या रीतीने सगळं केलं, अस्थी रामकुंडात सोडल्या, पण त्यांच्या नावाचा खांब उभा केलाच नाही. लहानूच्या खांबाला खाली कोरी जागा आहे, तिथे बाबांनाही कोरून घेतलं तर? आईला विचारशील? तू विचारलेलं ती ऐकते.

काळजी घे, आणि भोकाला निदान फळ्या ठोकून घे.

तुझा
ललित


नाशिक रोड,
८ जानेवारी २००७

चि. ललित यास,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत गावी जाऊन अंबूआत्याला भेटले. बाबांच्या पाठची ही एकच बहीण उरली आहे, कमरेत वाकली आहे, पण लख्ख आठवतं तिला. त्या वर्षी नदी काठ खात होती म्हणाली. दोन खांब आधीच वाहून गेले होते. बाबा एक दिवस पहाटे आले, स्वतः खणलं, खांब घोंगडीत गुंडाळला आणि घराला न्यायच्या सागात घालून गाडीवर चढवला. तिने सांगून बघितलं की दादा, घरात नको नेऊ. ते म्हणाले की नदीने एकदा नेला, आता तिला देणार नाय. आईला खोटं सांगितलं, कारण खरं कळलं असतं तर तिने तो रीत म्हणून परत नदीकाठी पाठवला असता. घर झाल्यावर सांगेन असं ते आत्याला म्हणाले होते. मग म्हणे वर्ष गेलं, दोन गेली, आणि जेवढा उशीर होत गेला तेवढं सांगणं अवघड झालं.

मी हे सगळं आईला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ऐकून तिचा राग उतरेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली की नदीवर राग होता तं नदीला फसवायचं, मला का फसवलं. तुझी दुसरी गोष्टही विचारली. बाबांना त्याच खांबावर कोरायचं का? नाय म्हणाली. चहा हवा का विचारल्यावर नाही म्हणतात तसं.

मधली नवी खिडकी आली आणि परत गेली. आईने सागाच्या रंगाची बसवू दिली नाही. त्या जागी आता लाकूड नाय, तं लाकडागत दिसाया बी नको म्हणाली. तिला पांढरी हवी. त्या माणसाने खूप समजावलं की बाकीच्या सगळ्या सागाच्या आणि मध्ये एकच पांढरी, घर विचित्र दिसेल. दिसू दे म्हणाली. मीही दिसू दे म्हणाले. पांढरी कालच बसली. झडप घट्ट लागते. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्यासमोर बसून राहिलो, काही ऐकू आलं नाही, आणि आईने त्या दिवशी भाकरी ठेवली नाही.

तू फेब्रुवारीत खांब नेशील तेव्हा मला रजा मिळणार नाही, शाळेत तपासणी आहे. आईला तुझ्यावर सोपवते. गाडीत तिला पुढे बसव म्हणशील तर ती बसणार नाही, मागे खांबापाशीच बसेल. बसू दे.

माझा जीव तुमच्या दोघांमागे, त्याच टेम्पोत आहे.

तुझी
आशाताई


गावाहून,
११ फेब्रुवारी २००७

ती. स्व. ताईस,
ललितचा सा. न. वि. वि.

आम्ही नीट पोचलो. आई मागेच बसली, आणि पेठच्या घाटात मीही पुढून उतरून मागे जाऊन बसलो. एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये घोंगडीत तो. घाटात वळण आलं की आम्ही दोघं त्याला धरायचो.

जागा नदीपासून लांब, टेकाडावर घेतली आहे. गावानेच बाकीचे खांबही हळूहळू तिथे हलवलेत. खांब साफ करायला कोरणारा आला. त्याने चुना काढला, तेल दिलं, घोड्याचा एक कान उडाला होता तो नीट केला. काम झालं, आता उभा करायचा, माणसं दोर घेऊन आली, तेवढ्यात आईने सगळ्यांना थांबवलं. कोरणाऱ्याला म्हणाली की उलटा कर. खांब पालथा केला. ती म्हणाली की इठं याच्या बापाला काढ. मी बघतच राहिलो. कोरणारा म्हणाला की आजी, बाप म्हंजे मोठा माणूस, त्याला पुढं घेऊ, सूर्य-चंद्राखाली, खाली जागा हाय. आई म्हणाली की नाय. यानं माझ्या पोराला भिंतीकडं तोंड करून उभा केला, माझ्याकडं पाठ करून. आता यानं ऱ्हावं पाठीमागं. याला घोडा बी नको. पायी उभा कर. कोरणाऱ्याने विचारलं की हातात काय देऊ. आई म्हणाली की कायच नको, हात रिकामे ठेव.

त्यामुळे दोन दिवस जास्त लागले. आज सकाळी खांब उभा केला. लहानूचं तोंड उगवतीला, गावाकडे. अंबूआत्या आली होती, भगताने नारळ फोडला, तांदूळ टाकले, लहानूचं नाव घेऊन त्याला विचारलं की पोरा, जागा पटली का. मग सगळ्यांनी शेंदूर लावला. मीही लावला. त्याच्या पुस्तकाला लावला.

सगळं झालं आणि माणसं सावलीला बसली. आई खांबापाशीच होती. तिने शेंदराची वाटी उचलली आणि पाठीमागे गेली. मी तिकडे गेलो नाही. सुरुवातीला तिचा आवाज येत होता. ताई, ती भांडत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर तोच होता, आपण लहान असताना बाबा पाळीवरून उशिरा आले की स्वयंपाकघरातून यायचा तो. बराच वेळ चाललं होतं. अंबूआत्या उठून जायला लागली तर मी तिला हाताने बसवलं. मग आवाज थांबला. तरी आई येईना. जेवणं वाढली गेली, माझ्यापुढे पत्रावळ आली, तरी ती मागेच.

आली तेव्हा वाटी रिकामी होती, आणि तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते.

बाकी सगळं ठीक. आई शिवरात्रीपर्यंत इथेच राहते म्हणते. तिचा तुला आशीर्वाद आणि माझा नमस्कार.

तुझा
ललित